सामान्य माणूस लाल बावट्याखाली का जातो?

घरातलं पोरगं एखाद्या चळवळीत गेलं की घरच्यांना पहिला प्रश्न पडतो, याला कोणी भरवलं? पोलिसांचा प्रश्नही तोच असतो आणि टीव्हीवरच्या चर्चेतही तेच विचारलं जातं. उत्तरही ठरलेलं असतं. कोणीतरी माथी भडकवली. आम्हाला हे उत्तर अपुरं वाटतं. भडकवणारे सगळीकडेच असतात, पण एका गावात त्यांच्यामागे शंभर माणसं उभी राहतात आणि शेजारच्या गावात त्यांना कोणी चहासुद्धा विचारत नाही. हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार आपण बुलढाणा जिल्ह्यात बसून करायला हवा. कारण ज्या दुखण्यांमुळे जगभरातले साधे शेतकरी, मजूर, विणकर लाल बावट्याखाली गेले, ती दुखणी आपल्याकडेही घरोघरी आहेत.

आधी शब्द नीट समजून घेऊ

जमीन, गिरण्या, खाणी ही उत्पादनाची साधनं मोजक्या लोकांच्या मालकीची न राहता समाजाच्या ताब्यात यावीत, आणि त्यासाठी किरकोळ सुधारणा पुरणार नाहीत, सत्तेची मांडणीच बदलावी लागेल, असं मानणारी चळवळ म्हणजे क्रांतिकारी समाजवादी चळवळ.

या व्याख्येत बसणारे सगळे लोक बंदूक घेऊन फिरत नाहीत. कम्युनिस्ट पक्ष निवडणुका लढवतात, विधानसभेत बसतात. किसान सभा मोर्चे काढते. लाल निशाण पक्षाने महाराष्ट्रात कामगार आणि शेतमजुरांच्या संघटना बांधल्या. जंगलात राहून सशस्त्र लढाई करणारा माओवादी पक्ष 2004 मध्ये दोन गट एकत्र येऊन बनला आणि 2009 मध्ये केंद्र सरकारने त्याच्यावर बंदी घातली. या सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधणं ही पहिली चूक. आपण इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय ते पुढारी किंवा पुस्तकं लिहिणारे नाहीत. सभेला खाली जमिनीवर बसणारी, वर्गणीचे चार आणे देणारी आणि लाठी पडली तर अंगावर घेणारी माणसं, त्यांचा हा विषय आहे.

पोटाचा प्रश्न, पण नुसत्या पोटाचा नाही

गरिबी हे कारण सगळ्यांनाच सुचतं. पण गरिबी तर सर्वत्र आहे आणि बंड मात्र क्वचित होतं. अगदी उपाशी माणूस सहसा बंड करत नाही, तो दिवस ढकलतो. माणूस उठतो तो बहुतेक वेळा त्याच्या हक्काचं म्हणून मानलेलं काहीतरी हिसकावलं गेलं की.

मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण घ्या. 1928 मध्ये मालकांनी काम वाढवायचं ठरवलं. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, माणसं कमी व्हावीत, दर बदलावेत. विणकरांत कोकण-घाटावरचे मराठे होते, तसे मदनपुऱ्यात राहणारे उत्तरेकडचे मोमीन मुसलमानही होते. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. त्याच काळात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा युनियन, उभी राहिली. सुरुवातीला तिचे सभासद काही शेकड्यांत होते, वर्षअखेर ते पन्नास हजारांच्या वर गेले. एवढ्या लोकांनी काय सहा महिन्यांत मार्क्स वाचला? नाही. आपला दर, आपलं काम आणि आपला जोडीदार वाचवणारी एक संघटना त्यांना दिसली.

दुसरं उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या वारल्यांचं. तिथे वेठ होती, म्हणजे जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराच्या दारात जन्मभर बांधले जात. त्यांना लग्नगडी म्हणत. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, काही वारली तिथे जाऊन आले. मे महिन्यात झरी गावात सभा भरली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पहिली मागणी राज्य उलथवण्याची नव्हती. फुकट राबणार नाही, मार खाणार नाही आणि मजुरी रोख द्या, एवढंच.

अमेरिकन अभ्यासक जेम्स स्कॉट यांनी 1976 मध्ये आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांबद्दल जे मांडलं, ते इथेही लागू पडतं. गरीब शेतकरी 'माझ्याकडून किती घेतलं' यापेक्षा 'माझ्यासाठी किती ठेवलं' हे बघतो. दुष्काळात मालकाने थोडं सोडायचं असतं, अडीनडीला धान्य द्यायचं असतं, हा गावाचा न लिहिलेला करार असतो. तो मोडला की जुलूम झाला असं वाटतं. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या सालदाराला विचारा, तो हेच सांगेल. मालक कडक होता याची तक्रार तो करणार नाही. बायको आजारी असताना मालकाने पैसे दिले नाहीत, उलट चार माणसांत अपमान केला, ते मात्र तो तीस वर्षांनीही विसरलेला नसतो. म्हणून पोटाच्या प्रश्नाबरोबर इज्जतीचा प्रश्न धरावाच लागतो.

भरवशाचा माणूस

दुखणं असूनही माणूस एकटा उठत नाही. त्याला कोणीतरी ओळखीचं लागतं. नातेवाईक, गावचा सोबती, खात्यातला जुना कामगार किंवा तुरुंगातला शेजारी.

शाहीर अमर शेख यांचं आयुष्य बघा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म 1916, गाव बार्शी. आई मुनेरबी ओव्या गायची, गाण्याचा पहिला धडा तिचाच. पोटासाठी पाणी भरलं, गाडीवर क्लीनरचं काम केलं, मग गिरणीत लागले. गिरणीच्या संपात उतरले आणि तुरुंगात गेले. तिथे कम्युनिस्ट कार्यकर्ते भेटले आणि विचारांची ओळख झाली. पुढे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोचला. क्रम लक्षात घ्या. आधी मेहनत, मग अन्याय, मग संप, मग माणसांची ओळख आणि सगळ्यात शेवटी विचारधारा. बहुतेक साध्या कार्यकर्त्यांचा क्रम हाच असतो.

अण्णा भाऊंचंही तसंच. वाटेगावच्या मातंग घरातला मुलगा घरच्यांसोबत पायी मुंबईला येतो, मिळेल ते काम करतो, गिरणीत जातो आणि तिथे त्याला पहिल्यांदा 'कॉम्रेड' म्हणून हाक मारली जाते. गावात ज्याला वेशीबाहेर उभं केलं जायचं, त्याच्यासाठी या एका शब्दाचं वजन किती असेल, हे आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मशिदीत एका सफेत उभं राहिल्यावर मजुराला जे वाटतं, त्याच्या जवळपास जाणारी ही भावना आहे.

बंद दार

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साधा माणूस आधी सरळ रस्त्याने जातो. अर्ज करतो, तलाठ्याला भेटतो, पुढाऱ्याच्या दारी बसतो, कोर्टात जातो. ही सगळी दारं बंद झाली की तो चौथ्या दाराकडे वळतो.

निजामाच्या राज्यातली एक घटना पाहू. बुलढाणा जिल्ह्याची जालन्याकडची हद्द 1948 पर्यंत निजामाच्या मुलखाला लागून होती. त्याच राज्याच्या तेलंगण भागात, जनगावजवळ, शेख बंदगी नावाचा एक गरीब मुसलमान शेतकरी होता. विसनूरच्या देशमुखाने त्याच्या जमिनीवर डोळा ठेवला. बंदगीने हत्यार उचललं नाही, तो कोर्टात गेला आणि चिकाटीने लढला. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला वाटेत गाठून मारलं गेलं. त्या भागातल्या लोकांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. पुढे 1946 मध्ये त्याच परिसरात देशमुखांच्या विरोधात उठाव पेटला आणि 1951 पर्यंत चालला. बंदगीची कबर लढणाऱ्यांसाठी खुणेची जागा झाली. मारणारे देशमुख हिंदू आणि राज्य मुसलमान निजामाचं. पण त्या राज्यात गरीब मुसलमानालाही न्याय मिळाला नाही, हे त्या मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच हिंदू-मुसलमान दोघंही त्या लढ्यात होते आणि मखदूम मोहिउद्दीनसारखा शायर त्यांचा नेता होता.

आता आपल्या जिल्ह्यातली घटना. 2006 मध्ये खामगाव भागातल्या एका शेतकऱ्याने बेकायदा सावकारीची तक्रार केली. सावकार कुटुंब सत्ताधारी पक्षाशी जवळचं होतं. या कुटुंबाविरुद्ध आलेल्या तक्रारींवर थेट गुन्हा नोंदवू नये, त्या आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पाठवाव्यात, अशी सूचना तत्कालीन मुख्यमंत्र्यांकडून आली. म्हणजे पोलीस ठाण्याचं दार बंद. पण शेतकरी थांबला नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सरकारला 25 हजार रुपयांचा भुर्दंड लावला. सरकार वर अपिलात गेलं, तर 14 डिसेंबर 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम वाढवून 10 लाख केली आणि या हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढले.

या दोन घटना शेजारी ठेवा. सावकारी आणि जमिनीचं दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच. एकीकडे कोर्टात जाणाऱ्याचा खून झाला, दुसरीकडे कोर्टाने थेट सरकारला दंड केला. एकीकडे पाच वर्षांचं सशस्त्र बंड झालं, दुसरीकडे एक खटला. सामान्य माणसाला क्रांतीची हौस नसते. त्याला दाद हवी असते, आणि ती कुठे मिळते यावर तो कुठे जातो हे बऱ्याच अंशी ठरतं.

हाताला काय लागतं

चौथी गोष्ट व्यवहाराची. 1965 मध्ये मॅन्सर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने विचारलं होतं की, संप यशस्वी झाला तर फायदा सगळ्यांनाच मिळणार, मग मी कशाला जोखीम घेऊ? बाजूला बसूनही मला तो मिळेलच. प्रश्न बरोबर आहे आणि आपल्या बैठकांतही तो ऐकू येतो. फक्त शब्द वेगळे असतात, 'तुम्ही व्हा पुढं, आम्ही आहोतच मागं.'

तरीही लोक पुढे जातात, कारण छोटे विजय लवकर दिसतात. वारल्यांनी ठरवलं आणि वेठ खरंच थांबली. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत, ही मागणी कोणालाही समजत होती. गडचिरोलीत 1980 नंतर नक्षलवादी दलम आली, तेव्हा आदिवासींनी त्यांना भाकरी दिली ती चीनच्या क्रांतीसाठी नाही. तेंदूपत्त्याच्या शंभर पुड्यांचा दर वाढला, बांबू तोडायची मजुरी वाढली आणि कोंबडं, पैसे उकळणारा जंगलखात्याचा माणूस घाबरू लागला, म्हणून दिली. मार्च 2018 मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी निघाला, त्यात वनहक्काच्या जमिनीचा कागद मागणाऱ्या आदिवासी बाया होत्या, तळपायाची सालटी निघालेल्या. दहावीच्या पोरांची परीक्षा बिघडू नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले. मुंबईकरांनी, त्यात मुसलमान मोहल्ल्यांतल्या लोकांनीही, त्यांना पाणी, खाणं, चपला दिल्या. त्या बायांना त्यांच्या मनातलं राज्य विचारलं असतं, तर त्यांनी हातातला सात-बाराच दाखवला असता.

याशिवाय पैशात न मोजता येणारी एक कमाई असते. ज्याने आयुष्यभर मान खाली घातली, तो पहिल्यांदा साहेबाच्या टेबलासमोर उभा राहून बोलतो. लढा हरला तरी हा दिवस त्याच्याजवळ राहतो.

मुसलमान आणि लाल बावटा

कम्युनिझम देव मानत नाही, मग ईमानवाले लोक तिकडे गेलेच कसे, असा प्रश्न आमच्या वाचकांना पडेल. इतिहास असा आहे की गेले, आणि बरेच गेले.

1920 मध्ये खिलाफतीच्या काळात हजारो तरुण हिजरत करून अफगाणिस्तानात गेले. त्यातले काही पुढे ताश्कंदला पोचले. खलिफाच्या मदतीला निघालेली ही पोरं कम्युनिस्ट होऊन परतली आणि पेशावरच्या खटल्यांत शिक्षा भोगली. 1925 च्या डिसेंबरात कानपूरला कम्युनिस्टांची परिषद झाली, तिच्या स्वागत समितीचे अध्यक्ष मौलाना हसरत मोहानी होते. नमाजी, हाजी, सूफी वळणाचे, आणि स्वतःला उघडपणे साम्यवादी म्हणवणारे. जावा बेटावर हाजी मिस्बाह नावाचे धर्मोपदेशक होते. पैशाची हाव आणि परकी सत्ता यांच्याविरुद्ध लढणं हे दीनचंच काम आहे, असं सांगत ते फिरले. डच सरकारने त्यांना दूर मनोक्वारीला हद्दपार केलं, तिथेच 1926 मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

बंगालमध्ये 1946 च्या शेवटी अर्धलीने, म्हणजे बटाईने शेती करणाऱ्यांनी पिकाचा अर्धा नाही, दोन तृतीयांश वाटा मागितला. ही तेभागा चळवळ. नोआखालीच्या दंगलीला जेमतेम काही महिने झाले होते. तरी दिनाजपूर भागात मुसलमान, राजबंशी आणि संथाळ शेतकरी एकत्र उभे राहिले. 4 जानेवारी 1947 रोजी चिरिरबंदरला गोळीबार झाला, त्यात समीरुद्दीन आणि शिवराम असे दोघे पडले. एक मुसलमान, एक संथाळ.

हे लोक दीन सोडून गेले होते का? काही जण सोडून गेले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुतेक साध्या लोकांसाठी तो प्रश्नच नव्हता. व्याज हराम, मजुराची मजुरी वेळेवर द्यावी, साठेबाजी गुनाह, श्रीमंताच्या मालात गरिबाचा हक्क, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. गावात ते कोणी पाळताना दिसत नव्हतं. जो कोणी त्यासाठी भांडायला उभा राहिला, त्याच्यामागे ते गेले. इस्लाम आणि मार्क्सवाद एकच आहेत, असं आमचं म्हणणं अजिबात नाही. इस्लाम खासगी मालकी मान्य करतो, तिला अमानत मानतो आणि तिच्यावर जकातीची जबाबदारी टाकतो. वर्गाचा द्वेष हा त्याचा पाया नाही. पण अमानत सांभाळणारे झोपले, तर हिशोब मागायला दुसरा कोणी येतो, एवढं या इतिहासातून दिसतं.

लोक सोडून का जातात

येण्याइतकंच जाणंही समजून घ्यायला हवं. मुंबईत 1929 च्या फेब्रुवारीत दंगल झाली. मुलं पळवण्याच्या अफवांतून पठाणांवर हल्ले झाले आणि कामगारांत हिंदू-मुसलमान फूट पडली. मार्चमध्ये युनियनचे नेते मेरठच्या खटल्यात पकडले गेले. त्याच वर्षीचा दुसरा संप फसला आणि वर्षापूर्वी हजारोंनी आलेले सभासद तितक्याच झपाट्याने गळाले. ज्या माणसाच्या भरवशावर लोक येतात तो गेला आणि हाताला काही लागेनासं झालं की ते घरी परततात.

दुसरं कारण चळवळीच्या आतलं. गडचिरोलीत मजुरी वाढवून देणाऱ्या बंदुकीनेच पुढे 'खबऱ्या' म्हणून गरीब आदिवासींचे जीव घेतले. गाव एकीकडे दलम आणि दुसरीकडे पोलीस यांच्यात भरडलं गेलं. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा एक सर्वात वरिष्ठ नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. पंचेचाळीस वर्षांनंतर आदिवासीच्या हातात काय उरलं, हा हिशोब त्या चळवळीला द्यावाच लागेल.

तिसरं कारण म्हणजे किंमत, आणि ती बहुतेक वेळा खालचा माणूस देतो. इंडोनेशियात 1965-66 मध्ये कम्युनिस्टांचं शिरकाण झालं, किमान पाच लाख माणसं मारली गेली असं मानलं जातं. त्यात राजकारण कळणारे थोडे होते. जमिनीच्या वाटपासाठी शेतकरी संघटनेत नाव घातलेले खेडूत जास्त होते. जावात मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि मारणाऱ्यांत लष्कराच्या जोडीला मुसलमान तरुणांच्या संघटनाही होत्या. ही गोष्ट आपण उघड्या डोळ्यांनी वाचली पाहिजे.

बुलढाण्यात लाल बावटा का वाढला नाही

आपल्या जिल्ह्यात कारणांची कमी कधीच नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 65, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ फुगली, 1870 मध्ये जलंबहून तिथपर्यंत रेल्वेचा फाटा आला. मग भाव पडले, सावकाराचं कर्ज राहिलं, आणि 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी वऱ्हाडात माणसं आणि जनावरं पटापट मेली. शंभर वर्षांनी पुन्हा तेच. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता. आजही संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात पिण्याच्या पाण्याने मूत्रपिंडं खराब होतात, आणि कापूस वेचणारी बाई किलोमागे मिळणाऱ्या पैशांवर दिवस काढते.

तरी इथे तेलंगणासारखं बंड झालं नाही. आमच्या मते त्याची कारणं अशी. वऱ्हाडात रयतवारी होती. तेलंगणातल्या देशमुखासारखा हजारो एकरांचा धनी गावोगाव नव्हता, छोट्या कास्तकाराच्या नावावर थोडी का होईना जमीन होती. दाद मागायची दुसरी दारंही होती. 1933 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा आला, त्यामागे पंजाबराव देशमुखांची मेहनत होती. भूमिहीन दलितांना बाबासाहेबांची चळवळ मिळाली. दादासाहेब गायकवाडांनी 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. 1972 च्या दुष्काळात डाव्या पक्षांनी आणि मजुरांनी रेटा लावला आणि राज्याला रोजगार हमीचा कायदा करावा लागला. 1980 च्या दशकात कापसाच्या भावासाठी शरद जोशींची शेतकरी संघटना आली. म्हणजे राग कमी नव्हता, त्याला वाट मिळत गेली.

यात आपला मुसलमान मजूर कुठे होता? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कुठेच नाही. शेतकऱ्यांची संघटना जमीनवाल्याची, दलितांची चळवळ त्यांची. हातगाडीवाला, पिंजारी, बागवान, कुरेशी, गॅरेजमधलं पोरगं, यांची संघटना कोणी बांधली नाही. निवडणुकीत त्याला मुसलमान म्हणून विचारलं गेलं, मजूर म्हणून कोणी विचारलं नाही.

आपल्यासमोरचा प्रश्न

जुलै 2025 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालणं हा त्याचा उद्देश सांगितला गेला. हिंसेला आळा घालायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण मजुरी मागणारा आणि बंदूक उचलणारा यांतला फरक पुसला गेला, तर अर्ज, मोर्चा, युनियन ही उरलेली दारंही बंद होतील. आणि बंद दारांचं काय होतं, ते आपण वर पाहिलं.

सरकारचं सरकार बघेल. आपलं काय? आपल्या मोहल्ल्यात व्याजाने पैसे देणारा आपलाच माणूस असतो, आणि मजुराचे पैसे ईदपर्यंत लटकवणारा ठेकेदारही कधीकधी पहिल्या सफेत उभा असतो. जकात रमजानमध्ये सुटी-सुटी वाटली जाते, तिच्यातून एखाद्याचं कर्ज कायमचं फिटलं असं क्वचित घडतं. बिनव्याजी पतसंस्था, मजुरांची नोंदणी, बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड, सावकारीविरुद्ध 2014 चा कायदा, जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार, मोफत कायदेशीर मदत, ही सगळी उघडी दारं आहेत. त्या दारांपर्यंत मजुराला हाताला धरून नेणारा माणूस मात्र कमी आहे.

पोरगं चळवळीत गेलं तर 'कोणी भरवलं' हे जरूर विचारा. पण त्याआधी, तिकडे जाण्यापूर्वी ते कोणाकोणाच्या दारात गेलं होतं, हे विचारा. त्या यादीत आपलं दार असेल, तर आपण त्याला काय उत्तर दिलं होतं, तेही आठवा.